चोरखिसा

मोणपरच्या बाजारात मोंघीबेन दुकानाच्या पायरीवर चढली की दुकानदार तराजू पुसून घ्यायचे. ती काही श्रीमंत गिऱ्हाईक नव्हती. नवरा जेराम दर्जी, दिवसभर मशिनीवर वाकलेला, सणासुदीला गावाचे लेंगे-झब्बे शिवून देणारा. पण मोंघीची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक होती. वजनात कोणी हात मारला तर ती भांडत नसे, आवाजही चढवत नसे. जाता जाता एक शब्द टाकायची आणि तो शब्द त्या माणसाला गोचिडीसारखा चिकटायचा.

गावात एक तलाठी आला होता. कोणीही दाखल्याला गेलं की मान वर न करता म्हणायचा, "उद्या ये." विधवा बायका, म्हातारे, सगळे हेलपाटे घालून दमले. एकदा मोंघी रांगेत उभी राहिली आणि तिचा नंबर आल्यावर गोड आवाजात म्हणाली, "उद्याभाई, आज तरी उद्या झाला का?" झालं! आठवड्याच्या आत गाव त्याला उद्याभाई म्हणू लागलं. त्याची बायको तळ्यावर कपडे धुवायला गेली तरी, "उद्याबेन, या या, दगड रिकामा आहे." त्यानंतर दाखले त्याच दिवशी मिळायला लागले. वरिष्ठांकडे केलेल्या अर्जांनी जे झालं नव्हतं ते एका शब्दाने झालं. जेराम कौतुकाने म्हणायचा, "घरात सुई मी चालवतो, गावात ही."

तिची खरी हुकमत मात्र लग्नात. वऱ्हाड जेवायला बसलं की दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसून फटाणी म्हणतात. व्याह्याला, विहिणीला, करवल्यांना गाण्यातून यथेच्छ झोडपायचं आणि झोडपून घेणाऱ्याने हसायचं. रागावला तो हरला. मोंघी जिथे बसेल ती बाजू जिंकणार हे ठरलेलं. आसपासच्या गावांतले दर्जी मुलीच्या लग्नाची तिथी काढायच्या आधी मोंघीला सवड आहे का ते विचारून जात.

हे तिला शिकवलं तिच्या उजीफोईने, म्हणजे आत्याने. फोई तिला बजावून सांगायची, "मोंघी, जे नाही तेच गायचं. जाड्याला काडी म्हण. ज्याचा हात सढळ त्याला कंजूष म्हण. पण ज्याला खरोखर एक डोळा नाही त्याच्यापुढे डोळ्याचं नाव काढू नकोस. फटाणं खोटं असतं म्हणून सगळे मिळून हसतात. खरं निघालं की ती शिवी." मोंघीने हा नियम कधी मोडला नव्हता. मोडला तो एकदाच, आणि तोही घरच्या लग्नात.

लग्न होतं तिच्या धाकट्या दिराच्या मुलीचं, रसीलाचं. रसीला मोंघीच्या मांडीवर वाढलेली. मोठी काकू म्हणून तिला भाभू म्हणायची आणि आईपेक्षा भाभूच्याच पदराला जास्त लटकायची. मुलगा देरडीचा, चमन नावाचा. त्याचे वडील वालजीभाई देरडीतले नावाजलेले दर्जी, अंगाने चांगले भरलेले, हसरे, पांढऱ्याशुभ्र बंडीतले. चमनची आई संतोकबेन लग्नाला आली नव्हती. कमरेतून अधू होती, बरीच वर्षं खाटेवरून उठली नव्हती, असं बोलणी चालू असतानाच सांगितलं होतं.

देरडीकरांनी आपली गाणारी आणली होती. कडवी तिचं नाव. बारीक अंगाची, बसका आवाज, पण शब्द असा नेमका की पंगतीतल्या माणसाला ठसका लागावा. मोंघीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. वालजीभाईंच्या सुटलेल्या पोटाकडे बघत तिने आवाज लावला:

"व्याही आमचे नाजूक बाई, फुंकर मारता पडती,
दोरा बांधा कमरेला गं, नाहीतर वर उडती!"

पंगत हसली. वालजीभाईंनी खरंच कमरेला हात लावून दोरा शोधल्यासारखं केलं, तशी आणखी हसली. पण कडवीने श्वासही घेऊ दिला नाही. वर बांधलेल्या मांडवाकडे बोट करून तिने फेकलं:

"दर्ज्याघरचा मांडव बाई, ठिगळांनी हा सजला,
गिऱ्हाइकांच्या लेंग्यांचा गं एकेक पाय लागला!"

आता दोन्हीकडचे दर्जी पोट धरून लोळायला लागले. मोंघीच्या बाजूच्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मोंघीच्या उत्तराला तेवढं हसू आलं नाही. त्यावर कडवीने जेरामच्या चष्म्यावर एक रचलं, तेही जमून गेलं. मोंघीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या स्वतःच्या अंगणात, तिच्या रसीलाच्या लग्नात, असं कधी झालं नव्हतं. शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणाली, "मोंघी, म्हातारी झालीस की काय?"

तेवढ्यात तिला दिसलं. वाढपी पुढे सरकले होते. वालजीभाईंनी पानातला चुरम्याचा लाडू डाव्या हाताने अलगद उचलला, मांडीवरच्या रुमालात गुंडाळला आणि बंडीच्या आतल्या खिशात सरकवला. इतकं सहज, की बाजूच्यालाही कळलं नाही. मोंघीला कळलं. आणि कळल्याबरोबर ओळ तयारच झाली, जशी काही कधीपासून ओठांवर बसून होती. फोई आठवली का? आठवली. हे ती पुढे स्वतःला कधी नाकारू शकली नाही. फोई आठवली, आणि तरी तिने तोंड उघडलं.

"व्याही जेवती दो हातांनी, उजवा जाई मुखी,
डावा जाई चोरखिशात, लाडू तिथे सुखी!"

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग वालजीभाईंचा हात आपोआप छातीशी गेला. तो गेला नसता तर कदाचित निभावलं असतं. शेजारी बसलेल्या, वऱ्हाडातल्याच गगजीकाकाने थट्टेत त्यांच्या बंडीवर थाप मारली. आतला लाडू चुरडला आणि पांढऱ्या कापडावर तुपाचा डाग बघता बघता पसरला.

मांडव कोसळेल की काय असं हसू उठलं. लोक पानावरून उठून बघायला आले. "चोरखिसा! अरे, खरंच चोरखिसा!" वालजीभाईही हसले. हसावंच लागतं. गळ्यापर्यंत लाल झालेले, डागावर हात ठेवून ते हसत राहिले आणि रिवाजाप्रमाणे गाणाऱ्या बायकांच्या ताटात ओवाळणी टाकून म्हणाले, "जिंकलात हो, विहीणबेन!"

मोंघीच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. कडवीने मात्र पुढे एक ओळही म्हटली नाही. हात धुवायला दोघी एकाच पिंपापाशी आल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "मोंघीबेन, तुम्ही बघून गायलात."

"फटाणं आहे ते. मनाला येईल ते गायचं."

"मनाला आलेलं नव्हतं ते. डोळ्याला दिसलेलं होतं." आणि पदराला हात पुसून कडवी निघून गेली.

रसीला पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात पडली. भाभूच्या फक्त पाया पडली. मोंघीने तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोटला केला. पोरगी खाली मान घालून खात होती.

"सासू त्रास देते का गं?"

"बा? त्या तर देवमाणूस आहेत."

"मग सासरा?"

रसीलाने रोटल्याचा तुकडा ताटात ठेवला. "भाभू, मी देरडीला पोचायच्या आधी तुमचं गाणं पोचलं होतं. गाडीतून उतरले तर वेशीवर एकजण म्हणाला, चोरखिशाची सून आली. मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणतोय."

मोंघी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "चार दिवस म्हणतील गं."

"दुकानात येणारे म्हणतात. वालजीभाई, कापड देतो, पण उरलेलं चोरखिशात नको हं. आधी थट्टेत म्हणायचे. आता एकजण कापड आणतो आणि कापणी होईपर्यंत समोर बसून राहतो. कात्रीवरून डोळा काढत नाही. बापूजी मान खाली घालून कापत राहतात. परवा तर चिंध्यासुद्धा पिशवीत भरून त्याच्या हातात दिल्या." बोलता बोलता रसीलाचा आवाज फाटला. "आणि भाभू, तो लाडू त्यांनी चोरला नव्हता. त्यांच्याच पानातला होता. बा अंथरुणाला खिळल्यापासून ते कुठेही जेवायला गेले की आपल्या वाटचं गोड खात नाहीत, त्यांच्यासाठी घेऊन येतात. मागून आणायची लाज वाटते, म्हणून रुमालात. एवढंच होतं ते."

मोंघीच्या हातातली ताकाची लोटी तशीच राहिली. जेराम मशिनीवरून उठून आत आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि पुन्हा मशिनीवर जाऊन बसला. तो काही म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मोंघीला बाजारात जाणं नकोसं झालं. दुकानदाराने तराजू पुसला की पूर्वी तिला ताठ चालावंसं वाटायचं. आता वाटायचं, हा भितो आहे. कुत्र्याला भ्यावं तसा हा मला भितो आहे. तलाठ्याची बायकोही तिला आठवली. त्या बिचारीने कोणाचा दाखला अडवला होता?

रसीला सासरी परतली आणि मोंघीने एक दिवस देरडीची बस पकडली. जेरामने विचारलं, "तिथे जाऊन काय सांगणार?"

"जे आहे ते सांगीन."

फाट्यावर उतरून तिने पानवाल्याला विचारलं, "वालजीभाई दर्जी कुठे राहतात?"

"दोन आहेत. कोणता? चोरखिसा?"

पानवाला वाट बघत होता. मागे दोघं-तिघं विड्या ओढत उभे होते. दुसरं काही सांगता येईल का, याचा तिने विचार केला. चमनचे वडील, रसीलाचे सासरे. पण घशातून निघालं ते एवढंच, "हो. तेच."

"सरळ जा, चबुतऱ्यापाशी डावीकडे. दुकान बंदच असतं हल्ली, घरातच शिवतो."

अंगणात लिंबाखाली खाट टाकून संतोकबेन मेथी निवडत पडल्या होत्या. चेहरा सुरकुतलेला, पण डोळे पोरीसारखे चमकदार. रसीलाने ओळख करून दिली तशी त्यांनी मोंघीचा हात दोन्ही हातांत धरला. "मोंघीबेन! या, या. आमची सून दिवसातून दहा वेळा भाभू भाभू करते. मला काही लग्नाला येता आलं नाही. पण तुमच्याकडचा लाडू मी खाल्ला हो. चुरा झाला होता वाटेत, पण तूप काय, वेलदोडा काय! लग्नात बसून जेवल्यासारखं वाटलं."

मोंघीने रसीलाकडे पाहिलं. रसीला चूल फुंकायला वळली. म्हणजे संतोकबेनना माहीत नव्हतं. खाटेपर्यंत काही पोचू द्यायचं नाही, असं त्या घराने ठरवलेलं होतं.

"त्यानंतर मात्र काही खाल्लं नाही बघा," संतोकबेन सांगत होत्या. "कुठे जेवायला जातच नाहीत. पोटाला सोसत नाही म्हणतात. ते पोट आणि सोसत नाही! तुम्ही जरा सांगा त्यांना, विहिणीचं ऐकतील."

आत मशीन थांबली आणि वालजीभाई दारात आले. अंगाने बरेच उतरले होते. बंडी तशीच पांढरी होती, पण तिला बाहेरून, आतून, कुठूनही खिसा नव्हता. मोंघीला पाहताच ते लगबगीने म्हणाले, "अरे, विहीणबेन! या, इकडे बघा, नवीन फळी मारली आहे," आणि तिला ओसरीच्या टोकाला घेऊन गेले.

तिथे मोंघीने हात जोडले. "भाई, माझं चुकलं. मी पाहिलं होतं. पाहून गायले. मला कळत होतं."

वालजीभाईंनी घाईने तिचे हात खाली करायला लावले. "हात जोडू नका. फटाण्याचं कोणी मनावर घेतं का?"

"मी चारचौघांत सांगते. इथे चबुतऱ्यावर उभी राहून सांगते."

"नका हो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही माफी मागितलीत की ते फटाणं राहणार नाही, खरं ठरेल. आज लोक हसतात तरी. उद्या विचार करायला लागतील. आणि एवढंच करा, हिला कळू देऊ नका."

माफी मागायला आलेल्या माणसाची माफीच कोणाच्या कामाची नसावी, याहून मोठी नामुष्की ती काय!

चहा होईस्तोवर गल्लीत बातमी फिरली की मोणपरची मोंघी आली आहे. बायका अंगणात येऊ लागल्या. कोणाच्या डोक्यावर घागर, कोणाच्या काखेत पोर. "तुम्हीच का त्या? अहो, आमच्याकडे सोमवारी लग्न आहे, थांबा की! एक तरी ऐकवा. ते ऐकवा ना, ते!"

"कोणतं ते?" संतोकबेननी कुतूहलाने विचारलं.

वालजीभाई ओसरीवर जागच्या जागी थिजले. मोंघीला काहीतरी करायलाच हवं होतं. तिने घसा साफ केला आणि स्वतःवरच एक रचलं, जमेल तसं:

"मोंघी आली देरडीला गं, जीभ घेऊन हातभर,
कुत्रं बघून पळून गेलं, म्हणे ही चावेल जन्मभर!"

बायका हसल्या, पण पाहुणीचा मान राखायला हसावं तसं. एक तरणी पोरगी नाक मुरडून म्हणाली, "हे नाही हो, मावशी. याच्यात मजा नाही. ते दो हातांनी जेवती..." आणि कोणी अडवायच्या आत तिने ते सुरात म्हणून टाकलं, शेवटपर्यंत, लाडू तिथे सुखीपर्यंत. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ते कोणावर आहे हे म्हणताना ती विसरूनच गेली होती. संपल्यावर तिचं लक्ष ओसरीवर गेलं आणि तिने जीभ चावली.

संतोकबेनच्या हातातली मेथीची काडी तशीच होती. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मोंघीकडे.

"म्हणून जात नाही तुम्ही जेवायला?" त्यांनी विचारलं.

वालजीभाईंनी मान खाली घातली.

"पोरींनो, तो लाडू मी खाल्ला," संतोकबेन म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "त्यांच्या पानातला, त्यांच्या वाटचा. बारशाचा, बाराव्याचा, लग्नाचा, सगळा मी खाल्ला. इथे पडून. चोर असेल तर मी आहे." मग मोंघीला म्हणाल्या, "हे घाला गाण्यात. तुम्हाला येतं ना रचायला? घाला."

बायका एकेक करून निघून गेल्या. मोंघी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोक्यावरचा पदर तिने इतका पुढे ओढला होता की कंडक्टरने तिला लाजरी नवी सून समजून, "कुठे जायचं, बेटा?" असं विचारलं.

संतोकबेननी सांगितलं तसं तिने करून पाहिलं. कितीतरी वेळा. लाडू, खाट, रुमाल, सगळं यमकात बसायचं, पण ऐकून कोणी हसायचं नाही. आणि ज्याने हसू येत नाही ते बायका उचलत नाहीत. एकदा एका लग्नात तिने ते म्हणून बघितलं. पंगत गप्प बसली आणि मग कोणीतरी म्हणालं, "मोंघीबेन, भजन का लावलंत?" जुनं गाणं मात्र गावोगाव फिरत राहिलं.

वालजीभाई पुन्हा पंगतीला जायला लागले, कारण संतोकबेननी जेवणच सोडायची धमकी दिली. पण तिथून काही आणायचे नाहीत. येताना बाजारातून पेढा विकत घ्यायचे. संतोकबेन तो खायच्या आणि चांगला आहे म्हणायच्या. नाव काही सुटलं नाही. पुढे तर त्यात थट्टाही उरली नाही. दोन वालजींपैकी कोणता, हे सांगायची ती खूणच होऊन बसली. ते गेले तेव्हा अंगणात कोणीतरी अगदी कळवळून म्हणालं, "आपला चोरखिसा गेला रे. भला माणूस." रडायला बसलेल्या बायकांत मोंघी होती. तिने ते ऐकलं, आणि तिला रडूही नीट फुटेना.

तिला फटाणी म्हणायला बोलावणं यायचं, पण ती कधी घसा बसलाय म्हणायची, कधी दम लागतो म्हणायची. हळूहळू बोलावणं थांबलं. बाजारात दुकानदार तराजू पुसेनासे झाले. एकदा तर वजनात उघड उघड मारलं तरी ती काही बोलली नाही.

रसीलाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा निमंत्रण द्यायला रसीला स्वतः मोणपरला आली. भाभूच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, पेटीतली जुनी पटोळी लुगडी उन्हात घातली. निघताना उंबऱ्याशी घुटमळली.

"भाभू, तुम्ही यायचंच. चार दिवस आधी या."

"येईन की."

"फक्त..." रसीलाने मोंघीकडे न बघता चप्पल पायात सरकवली. "जेवणाच्या वेळी आत बसाल ना? स्वयंपाकघरात. जावयाकडचे कसे आहेत, अजून नीट कळलं नाही."

"आतच बसेन," मोंघी म्हणाली.

आणि ती बसली. वऱ्हाड पंगतीला बसलं तेव्हा ती आचाऱ्याकडच्या बायकांबरोबर पुऱ्या लाटत होती. बाहेर पोरी फटाणी म्हणत होत्या, कच्ची, अडखळत, दुसऱ्या ओळीला यमक चुकवून. पुढची ओळ मोंघीला दर वेळी आधीच सुचायची. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि पोळपाटावर पुढची लाटी ठेवायची. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, तुमच्या पुऱ्या फार पातळ होतायत." मोंघीने लाटी मोडली आणि पुन्हा गोळा करून लाटायला घेतली.